वऱ्हाडचे जुने तख्त

अमरावतीहून वलगाव, आसेगाव करीत आलेली आणि अकोल्याहून अकोट, अंजनगाव करीत आलेली प्रवाशांची वाहने परतवाड्याच्या चौकात एकत्र होतात आणि तेथून चिखलदऱ्याच्या घाटाकडे वळतात. परंतु ज्या नगराच्या अंगावरून आपण पुढे चाललो आहो ते एके काळी साऱ्या वऱ्हाडचे तख्त होते, दिल्लीपासून अहमदनगरापर्यंतच्या सत्ताधीशांनी त्याच्यावर डोळा ठेवला होता आणि त्याच्या वेशी अद्याप उभ्या आहेत, याचे स्मरण त्या प्रवाशांपैकी फारच थोड्यांना असते. परतवाड्याला खेटून असलेल्या अचलपुराला, म्हणजे जुन्या दफ्तरांतील एलिचपुराला, एक दिवस द्यावा असे सांगणारा वाटाड्या सहसा भेटत नाही. हे नगर मी तरुणपणापासून पाहत आलो आहे, आणि या नगराच्या ऱ्हासाची कथा आपल्याकडे जशी सांगितली जाते तशी ती घडलेली नाही, ही माझी धारणा प्रत्येक फेरीत दृढ होत गेली आहे. राजधान्या युद्धात पडतात, जळतात, लुटल्या जातात. अचलपूरही लुटले गेले, परंतु त्याचे वैभव मुख्यतः हिरावले ते एकामागून एक उठून गेलेल्या कचेऱ्यांनी.

राजधानीस ही जागा योग्य का ठरली, हे समजण्यासाठी इतिहासाआधी भूगोल पाहिला पाहिजे. उत्तरेस सातपुड्याची भिंत, तिच्या पायथ्याशी सापन आणि बिच्छन या नद्यांचे पाणी, आणि दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्याची काळी, खोल जमीन. डोंगरातून उतरणाऱ्या वाटा ज्याच्या हाती त्याच्या हाती खालच्या सुपीक मुलखाचा वसूल, असा येथील सरळ हिशेब होता. तो वाकाटकांनाही ठाऊक असावा. पाचव्या शतकात दुसऱ्या प्रवरसेनाने आपल्या राज्यकालाच्या अठराव्या वर्षी अचलपुराजवळचे चर्मांक नावाचे गाव, म्हणजे आजचे चमक, एक सहस्र ब्राह्मणांना अग्रहार म्हणून दिले, आणि त्या ताम्रपटात अशी अट घातली की दान घेणाऱ्यांनी राज्याविरुद्ध द्रोह करू नये, चोरी व व्यभिचार करू नये, युद्ध करू नये आणि इतर गावांस उपद्रव देऊ नये. या मर्यादा मोडल्यास जमीन परत घेतल्याने राजाला चोरीचा दोष लागणार नाही, हेही त्यातच नमूद केले. इतक्या सावध शब्दांत लिहिलेली सनद आपल्या प्राचीन लेखांत विरळा. पुढे सातव्या शतकातील नन्नराज राष्ट्रकूटाचा तिवरखेडचा ताम्रपट खुद्द अचलपुराहून दिलेला आहे. ईल राजाची आणि दुल्हा रहमान गाझीची कथा लोक आजही सांगतात. ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी, परंतु बिच्छनच्या काठी त्या गाझीचा दर्गा आहे आणि शहराच्या वेशीला त्याचेच नाव आहे, त्यामुळे ती कथा नगराच्या अंगात मुरलेली आहे. उत्तरेस थोड्याच अंतरावर, आता मध्यप्रदेशाच्या हद्दीत, मुक्तागिरीची बावन्न जैन मंदिरे धबधब्याच्या कडेने उभी आहेत, आणि महानुभावांचे अष्टमहासिद्धीचे स्थान खुद्द अचलपुरातच आहे. इतक्या पंथांनी आपापली ठाणी जेथे मांडली, ते नगर केवळ लष्करी छावणी नव्हते.

१२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून गेला तो याच वाटेने, आणि रामदेवरायाशी झालेल्या तहात एलिचपूर प्रांताचा वसूल त्याने मागून घेतला. बहमनी राज्यात वऱ्हाड ही चार तरफांपैकी एक तरफ होती. अहमदशहा बहमनी १४२५ ते १४२८ या काळात अचलपुरास तळ देऊन राहिला आणि गाविलगड व नरनाळा या किल्ल्यांची कामे त्याने करवली. नगर सपाटीवर आणि त्याचे सामर्थ्य डोंगरावर, ही वऱ्हाडच्या राजधानीची रचना तेव्हापासून पक्की झाली, आणि म्हणून ज्याला अचलपूर पाहायचे आहे त्याने ते दोन किल्ले पाहिल्यावाचून पाहणे पुरे झाले असे समजू नये.

विजयनगरच्या मुलखातून लहानपणी कैद होऊन आलेला एक ब्राह्मणाचा मुलगा बहमनींच्या चाकरीत वाढतो, फतहुल्ला इमादुल्मुल्क या नावाने वऱ्हाडचा सुभेदार होतो आणि १४९० मध्ये स्वतंत्र राज्य स्थापतो, ही घटना दख्खनच्या इतिहासातही असाधारण आहे. स्वातंत्र्य पुकारण्यापूर्वीच त्याची हौस दगडात उतरू लागली होती. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा १४८७ चा आहे. पांढऱ्या वाळूच्या दगडात कोरलेली ती कमान, तिच्या दोन्ही अंगांची जाळीदार गवाक्षे आणि माथ्यावरील लेख पाहताना अकोल्याच्या माणसाला आपल्या जिल्ह्याविषयी अभिमान वाटला नाही तर दोष डोळ्यांचाच म्हणावा लागेल. दुसऱ्याच वर्षी, १४८८ मध्ये, त्याने गाविलगडाची डागडुजी करवली. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर सिंह आणि हत्ती यांच्याबरोबर दोन मुखांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. हे चिन्ह दक्षिणेचे, आणि फतहुल्लाच्या बालपणीच्या देशाची ही खूण असावी असे अभ्यासक मानतात. धर्म, नाव आणि धनी बदललेला मनुष्य राज्यकर्ता झाल्यावर आपल्या किल्ल्याच्या द्वारावर मायदेशाचा पक्षी बसवतो, हे मला त्या घराण्याच्या सर्व लढायांपेक्षा अधिक मोलाचे वाटते.

ते घराणे ऐंशीहून अधिक वर्षे टिकले. फतहुल्लानंतर अल्लाउद्दीन, दर्या आणि बुऱ्हाण अशा पिढ्या चालल्या. शेवटच्या बुऱ्हाणाला तुफालखान नावाच्या सरदाराने नरनाळ्यावर कैदेत ठेवले आणि १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने नरनाळा घेऊन राज्य खालसा केले. इमादशाहीचे खरे स्मारक मात्र पाण्यात आहे. शहराबाहेर विस्तीर्ण हौदाच्या मध्यभागी उभा असलेला अष्टकोनी, मजल्यामजल्यांचा हौज कटोरा हा बहमनी-इमादशाही काळाचा अवशेष आहे, आणि डोंगराच्या बाजूचे पाणी नगरात आणणाऱ्या प्राचीन नहरा इतक्या उत्तम होत्या की शतकांनंतर आलेल्या नवाबांनी त्या नव्याने न खोदता त्यांचाच विस्तार केला. महाल कोणीही बांधतो. पायथ्याच्या शहराला बारमाही पाणी देणारा राज्यकर्ता दूरदर्शी म्हणावा.

मोगलांचा काळ मी थोडक्यात सांगतो, कारण त्या काळात अचलपुराचे मोठेपण कागदावर जितके राहिले तितके व्यवहारात राहिले नाही. १५९६ मध्ये चांदबिबीने वऱ्हाड शहाजादा मुरादच्या स्वाधीन केले. ऐने-अकबरीत एलिचपूर हे सुभ्याचे थोर शहर म्हणून नोंदले गेले. परंतु मुरादाने आपले शहापूर वसवले ते बाळापुराजवळ, आणि बाळापूर हेही मोगली फौजेचे मोठे ठाणे बनले. तेथील मिर्झाराजे जयसिंगाची काळ्या दगडाची छत्री, २५ फूट चौरस आणि ३३ फूट उंच, आजही नदीकाठी उभी आहे. त्याच गावचा किल्ला अचलपूरच्या इस्माईलखान नवाबाने १७५७ मध्ये पुरा केला.

हैदराबादच्या निजामाच्या अमदानीत अचलपूर पुन्हा नवाबांचे शहर झाले, पण मुलूख दोअमली होता. वसुलात नागपूरच्या भोसल्यांचाही हिस्सा होता आणि त्यावरून झालेल्या भूगावच्या लढाईत नवाब सुजातखान पडला, तेव्हा रघूजी भोसल्याने एलिचपूरचा खजिना लुटून नेला. या नवाबांतील सलाबतखान मला सर्वांत प्रिय आहे. जेमतेम दोन वर्षे तो येथे राहिला, आणि तेवढ्यात त्याने नगर वाढवले, महाल बांधला, लोकांसाठी बाग केली आणि नहरा पुढे नेल्या. १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धात तो इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेबरोबर होता. त्या वर्षीचे मार्गशीर्ष-पौष वऱ्हाडने विसरू नयेत: २९ नोव्हेंबरला आडगावची लढाई, १५ डिसेंबरला किल्लेदार बेनीसिंगाने प्राण देऊनही पडलेला गाविलगड, दोनच दिवसांनी भोसल्यांशी देवगावचा तह आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी अंजनगाव-सुर्जीचा तह. मराठी सत्तेचे भवितव्य अचलपुराच्या परिसरात एका महिन्यात ठरले.

सलाबतखानाचा पुत्र नामदारखान १८४३ मध्ये वारला. पुढे वारसाने नवाबी किताब आणि वाडा मिळवण्यासाठी सात लक्षांचा नजराणा भरण्याचे कबूल केले, ती रक्कम सावकाराकडून काढली, आणि कर्जापायी सारी मालमत्ता दिवाणी अदालतीच्या जप्तीत गेली. त्यानंतरचा क्रम केवळ हुकमांचा आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे आले आणि मुख्य कचेऱ्या अमरावती व अकोल्यास बसल्या. १८६७ मध्ये एलिचपूरला स्वतंत्र जिल्ह्याचा मान मिळाला खरा, पण त्याच वर्षी नागपूरला पोहोचलेला लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा दक्षिणेच्या सपाटीतून गेला आणि कापसाचा सारा व्यापार तिकडे ओढला गेला. डोंगरवाटांवर जगलेल्या शहराला त्या वर्षी पाठ दाखवली गेली. परतवाड्याची छावणीही उठली, आणि १९०५ मध्ये जिल्हा मोडून अमरावतीत विलीन झाला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूरहून अरुंद रुळांची गाडी आली, तिला लोकांनी शकुंतला हे लाडके नाव दिले, १९९४ पर्यंत ती वाफेवर धावली. आता तीही बंद आहे.

तख्त गेलेल्या नगराची निगा कशी राखावी, याचा एक परदेशी दाखला पाहा. बहमनी राज्याची स्थापना झाली त्याच सुमारास, १३५१ मध्ये, सयामात, म्हणजे आजच्या थायलंडात, अयोध्येचे नाव घेऊन आयुथया ही राजधानी वसली. १७६७ मध्ये ब्रह्मी फौजेने ती जाळली आणि राजपीठ पुढे बँकॉकला गेले. परंतु त्या देशाने भग्नावशेषांची निगा राखली, सलग परिसर राखीव केला, आणि १९९१ मध्ये तो जागतिक वारसा ठरला. वऱ्हाडातील अनेक कुटुंबे आता ते पाहून येतात, आणि ते योग्यच आहे. अचलपूर जळाले नाही. त्याच्या वेशींतून भाजीच्या गाड्या आणि शाळेची मुले आजही जातात, म्हणून त्याचे जतन अधिक अवघड आणि अधिक निकडीचे आहे. दुल्हा दरवाजाचा दगड निखळू नये, हौज कटोऱ्याभोवतीची जमीन मोकळी राहावी, आणि नहरांचा माग एखाद्या अभियंत्याने मोजून नकाशावर आणावा, एवढी मागणी अमरावती आणि अकोल्याच्या सुजाण नागरिकांनी एकत्र येऊन करावी. पाहणाऱ्याने पहिला दिवस शहराला द्यावा, सकाळी दुल्हा दरवाजापासून पायी निघून सुलतानपुऱ्याच्या गढीपर्यंत जावे, दुपार हौज कटोऱ्यावर घालवावी. दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्यास जाताना गाविलगडाच्या दिल्ली दरवाजाशी थांबून तो दोन मुखांचा पक्षी नीट पाहावा, आणि परतीची वाट अकोटावरून धरून नरनाळ्याच्या महाकाली दरवाजाशी ही फेरी पुरी करावी.