संगणकावरचे छप्पर आणि मिस्त्रीचा गुण्या

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आदळले आणि रायगडबरोबरच दापोली, मंडणगड या तालुक्यांतील असंख्य घरांची कौले त्या दिवशी अंगणात आली. दापोली तालुक्यातील आमचे वडिलोपार्जित घर त्यांपैकीच एक. एक भाऊ कुवेतला, बहीण मुंब्र्याला आणि आम्ही भिवंडीत कापडाच्या गाळ्यावर. त्यामुळे निर्णय लांबत गेला आणि काही वर्षे ताडपत्री व पत्र्यांवर निघाली. गेल्या वर्षी मात्र तिघांनी आपापला हिस्सा काढला आणि पावसाच्या आत पूर्वीसारखे चौपाखी कौलारू छप्पर घालायचे ठरले.

आमचा धंदा कापडाचा. वासे आणि कौलांशी आमचा संबंध घरमालक एवढाच. तरीही व्यापाराच्या या पानावर हा विषय घेत आहोत, याला कारण आहे. सुतारकाम, वेल्डिंग, घरदुरुस्तीचे ठेके घेणारे आपले अनेक बांधव आता गिऱ्हाइकाला संगणकावर किंवा मोबाइलवर घराचे रंगीत चित्र दाखवून काम मिळवतात आणि त्याच चित्रावरून मालाची यादी काढतात. अशाच एका यादीवर आम्ही लाकडाच्या गिरणीला इसार देऊन बसणार होतो. ती यादी चूक होती. दोष प्रोग्रामचा नव्हता, आमचा होता.

मुंब्र्याचा भाचा डिप्लोमा झालेला. त्याने 'होम डिझायनर' नावाचा प्रोग्राम घेतला. अमेरिकेत आयडाहो राज्यातील चीफ आर्किटेक्ट या कंपनीचा तो आहे. भिंती काढल्या की छप्पर आपोआप चढते, आणि छपराखालचा लाकडी सांगाडा, ज्याला ते लोक 'फ्रेमिंग' म्हणतात, तोही एका हुकमात उभा राहतो. फूट-इंचात काम चालते, ही आपल्या कारागिरांच्या सोयीची गोष्ट. दुसरा 'स्केचअप' नावाचा प्रोग्रामही पुष्कळजण वापरतात. त्यात प्रत्येक वासा स्वतः बसवावा लागतो, वेळ जातो, पण निदान आपण काय बसवले ते डोळ्यांखालून जाते.

पहिले छप्पर उभे राहिले ते पाहून घरात हसू लोटले. घरावर जणू मिनार चढवला होता. जुन्या छपराचा उतार ३० अंशांचा होता, म्हणून भाच्याने उताराच्या चौकटीत ३० हा आकडा टाकला. पण तेथे अंश विचारलेले नव्हते. अमेरिकेत उतार 'बाराला किती' असा मोजतात, म्हणजे १२ इंच आडवे गेल्यावर किती इंच चढ. ३० टाकल्यावर बाराला तीस, म्हणजे ६८ अंशांचा कडा तयार झाला. ३० अंश हवे असतील तर तेथे ७ टाकावे लागतात किंवा अंशांचा पर्याय निवडावा लागतो. ही चूक डोळ्यांना दिसली म्हणून लगेच सुधारली. न दिसणाऱ्या चुका पुढे होत्या.

पडवीचे प्रकरण थोडे विस्ताराने सांगतो, कारण कोकणातील घर काढणाऱ्या प्रत्येकाला ते आडवे येणार. आमची पडवी समोरच्या बाजूने घराच्या पूर्ण लांबीची, ८ फूट रुंद, पुढे फक्त खांब. भाच्याने खांब उभे केले, पण पडवीवर छप्पर येईना. हा प्रोग्राम छप्पर खांबांवर घालत नाही, बंदिस्त खोलीवर घालतो. चारही बाजू एकमेकींना चिकटल्या तरच ती त्याच्या दृष्टीने खोली. कुठे दोन भिंतींच्या टोकांत बोटभर फट राहिली तरी खोली होत नाही आणि तेवढ्या भागावर आकाश दिसते. उपाय असा की, उघड्या बाजूने भिंतीऐवजी 'रेलिंग' काढायचे, त्याला खांब आणि वर तुळई असा प्रकार द्यायचा आणि त्या जागेला 'पोर्च' नाव द्यायचे. मग पडवी खोलीत धरली जाते.

छप्पर आले, पण मुख्य छपराच्याच उताराने खाली धावले. मुख्य भिंत १० फूट उंच. ८ फूट पडवीवर बाराला सातचा उतार म्हणजे ४ फूट ८ इंच खाली. खांबापाशी उंची राहिली ५ फूट ४ इंच. पाहुणा घरात येताना कपाळ फोडून घेईल. भाच्याने पडवीच्या पुढच्या बाजूचा उतार बाराला चार केला. उंची साधली, पण आमचे मिस्त्री तयार होईनात. सत्तरीला आलेले हे गृहस्थ, आमच्या अब्बांच्या वेळेपासून घराचे काम पाहतात. त्यांचे म्हणणे, एवढ्या सपाट कौलांवर पश्चिमेचा वारा पाऊस उलटा चढवतो, पडवी गळणारच. बाराला पाचच्या खाली ते यायला कबूल नव्हते. पाच धरले तर खांबापाशी ६ फूट ८ इंच, आणि बाहेर आलेल्या वळचणीखाली सहा फुटांच्या आसपास.

मिस्त्री बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "शेठ, पडवीची पायरी कुठे गेली?"

पायरी आम्ही विसरलोच होतो. आमची पडवी माजघरापेक्षा ९ इंच खाली आहे, जुन्या घरांत बहुधा असतेच. भाच्याने साऱ्या घराची जमीन एका पातळीत धरली होती. पडवीच्या खोलीची जमीन ९ इंच खाली घेताच बाराला पाचच्या उतारावर खांबापाशी ७ फूट ५ इंच मिळाले. जुन्या कारागिराने ती पायरी कशासाठी ठेवली असावी, ते आम्हाला या वयात उमगले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

घर बाहेरून ४० फूट लांब, २४ फूट रुंद. चिऱ्याच्या भिंती १५ इंच जाड. भाच्याने मोजमाप घेतले ते आतून, टेप लावून: ३७ फूट ६ इंच आणि २१ फूट ६ इंच. आकडे अचूक होते. पण प्रोग्राममध्ये भिंत काढताना त्याने जाडीकडे लक्ष दिले नाही. तेथे आधीपासून भरलेली भिंत अमेरिकन लाकडी घराची, साधारण ६ इंचांची. तीच राहिली. आतले माप बरोबर, पण बाहेरून घर २४ ऐवजी २२ फूट ६ इंच रुंद झाले. आणि छप्पर बसते ते भिंतीच्या बाहेरच्या अंगावरून. निम्मी रुंदी १२ ऐवजी सव्वाअकरा फूट झाली, आढे ७ फुटांऐवजी सुमारे साडेसहा फुटांवर आले आणि प्रत्येक वासा साडेदहा इंचांनी आखूड निघाला. मागच्या बाजूचा वासा, दोन फूट वळचण धरून, यादीत १५ फूट ४ इंच होता. हवा होता १६ फूट अडीच इंच.

आम्ही यादी तपासली नव्हती असे नाही. जुने आढे अंगणात पडलेले होते, ते मोजले. १६ फूट. यादीतही आढे १६ फूट. आमचे समाधान झाले. पण चौपाखी छपरात आढ्याची लांबी म्हणजे घराची लांबी वजा रुंदी. ४० वजा २४ सोळा, आणि चुकीच्या घराचे साडेअडतीस वजा साडेबावीस, तेही सोळाच! दोन्ही बाजू सारख्याच कमी झाल्या होत्या, म्हणून नेमका तोच एक आकडा बरोबर निघाला. कापडाच्या तपासणीत ताग्याचे तोंड पाहून माल उचलणाऱ्याला आम्ही आयुष्यभर नावे ठेवली, आणि येथे स्वतः तेच केले.

चूक धरली मिस्त्रींनी. त्यांनी खिशातून चष्मा काढून यादी वाचली आणि म्हणाले, "या घराला मागचा वासा सोळाच्या आत येणारच नाही." भाचा म्हणाला, "पण मिस्त्रीचाचा, संगणकाने काढलंय." त्यावर त्यांनी काही वाद घातला नाही. लोखंडी गुण्या घेतला. एका पात्यावर १२ इंच, दुसऱ्यावर ७ इंच, आणि त्या दोन खुणांमध्ये टेप धरला. १३ इंच ७ सूत. इंचाला फूट धरायचा, की भिंतीपासून आढ्यापर्यंतचा वासा १३ फूट साडेदहा इंच. मग गुण्यावर १७ आणि ७ धरले. १८ इंच ३ सूत. हा कोपऱ्यातून चढणारा कोनवासा, १८ फूट साडेचार इंच. कोनवासा तिरका जातो म्हणून बाराला सतरा धरतात, एवढेच ते म्हणाले.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. शाळेत जिला 'वतर' म्हणून पाठ केले आणि मराठी पुस्तकांत जिला कर्ण म्हणतात, ती ही बाजू. परीक्षेनंतर तिची आणि आमची गाठ पडली नव्हती. मिस्त्री चौथीपलीकडे शिकलेले नाहीत.

कोनवाशाचा आकडा पाहिल्यावर आमच्या पोटात गोळा आला. मागच्या दोन कोपऱ्यांचे कोनवासे वळचणीसकट २१ फूट ५ इंच हवेत. यादीत होते २० फूट ३ इंच. एवढ्या लांबीचे सरळ लाकूड मुश्किलीने मिळते, आणि एकदा आखूड कापले की त्याचे कोनवासा म्हणून मोल संपले. जोड द्यायचा तर नेमका सगळ्यात जास्त भार येतो तेथे.

भाच्याने त्याच रात्री भिंत बदलली: १५ इंच चिरा, आणि चिरा हाच भिंतीचा मुख्य थर असे सांगितले. हे सांगणे जरुरीचे आहे, नाहीतर प्रोग्राम छप्पर गिलाव्यावर बसवायलाही कमी करत नाही. चित्रात आढे ७ फुटांवर गेले. दुसऱ्या दिवशी नवी यादी छापली, ती घेऊन आम्ही गिरणीच्या दारापर्यंत गेलो. आत शिरण्यापूर्वी सहज पाहिले, तर वासा पुन्हा १५ फूट ४ इंच!

छप्पर बदलले म्हणजे सांगाडा बदलतोच असे नाही. सांगाडा आपोआप नव्याने बांधण्याचा पर्याय बंद असेल तर जुने वासे जुन्याच जागी, नव्या छपराच्या आत लपून राहतात आणि यादी त्यांचीच निघते. छप्पर बदलल्यावर 'बिल्ड फ्रेमिंग'चा हुकूम पुन्हा द्यावा लागतो. याच्या उलट गोष्ट छपराची. 'ऑटो रीबिल्ड रूफ्स' चालू असेल तर एखादी भिंत जरा हलवली की सारे छप्पर पुन्हा बांधले जाते आणि हाताने केलेल्या दुरुस्त्या जातात. भाच्याची अशी एक संध्याकाळ वाया गेली. म्हणून आता तो उतार, दुपाखीचा त्रिकोण वगैरे जे काही असेल ते त्या त्या भिंतीच्या माहितीत भरतो. छपराचा तुकडा हाताने ओढत बसत नाही, आणि मोठा बदल करण्यापूर्वी फाइलची प्रत ठेवतो.

लाकडाच्या जाडीबद्दलही सावध राहावे. अमेरिकेत 'दोन बाय सहा' म्हणून विकले जाणारे लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेपाच इंच असते आणि प्रोग्राममध्ये तेच भरलेले असते. आपली गिरणी सांगाल त्या मापाने कापून देते. वाशांमधील अंतरही तिकडचे, बहुधा १६ किंवा २४ इंच. ते आपल्या मिस्त्रीला विचारून बदलावे. रिपांचे अंतर तर कौलावरच ठरते. दहा कौले जमिनीवर एकमेकांत अडकवून मांडावीत आणि मोजावीत, सर्व कारखान्यांची कौले सूतभरही फरक नसलेली नसतात. आणि हा प्रोग्राम लांबी सांगतो, ताकद सांगत नाही. लाकूड किती जाड हवे, वाऱ्याने छप्पर उचलू नये म्हणून कोठे बांधावे, हे इंजिनिअरचे काम आहे. २०२० नंतर कोकणात तरी त्याची फी वाचवू नये. आम्ही त्याच्या सांगण्यावरून वासे भिंतीवरच्या लाकडाला लोखंडी पट्ट्यांनी जखडून घेतले.

तिसरी यादी मिस्त्रींनी गुण्यावर पडताळली, मग इसार दिला. तरी त्यांनी वासे १६ फूट ६ इंचांचेच मागवायला लावले. त्यांना संशय होता, तो खरा ठरला. घराचे दोन्ही कर्ण मोजले तर तीन इंचांचा फरक निघाला, म्हणजे जुने घर गुण्यात नव्हतेच. पडद्यावर मात्र भिंती आपोआप काटकोनात बसल्या होत्या. हे दोन कर्ण भाच्याने अगदी पहिल्या दिवशी मोजायला हवे होते.

वासे चढल्यावर मिस्त्रींनी वळचणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी धरली आणि बाहेर आलेली टोके एका रेषेत कापली. कुठे दोन इंचांचा तुकडा पडला, कुठे पाचाचा. भाचा खाली उभा राहून प्रत्येक वाशाची खरी लांबी वहीत टिपून घेत होता, आपल्या संगणकातील घरात भरण्यासाठी.