फळांच्या साली व चोथा : आंतड्यांस व रक्तास उपयोग किती?

वसई तालुक्यांत राजेळी केळ्यांचीं सुकेळीं करण्याचा धंदा जुना आहे. पिकलेलीं केळीं सोलून उन्हांत वाळवितात. साली गुरांपुढें किंवा उकिरड्यावर जातात. सातिवलीकडचा भाग आज कारखान्यांनीं भरला असला, तरी येथील बागाइतदारांस हें सांगावयास नको. मोसंबीचा रस काढतांना तर फळाच्या वजनापैकीं जवळजवळ निम्मा भाग साल, चोथा व बिया ह्यांच्या रूपानें मागें राहतो. ह्या सालींची पूड घेतल्यानें रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरतें, असें अलीकडे पुष्कळ ऐकूं येतें. त्यांत तथ्य किती, हें आमच्या वाचकांनीं समजून घेणें जरूर आहे. कारण साल पिकविणारा शेतकरी, आणि ती प्रथम खाणार त्याच्याच घरचीं माणसें.

रसाबरोबर साखर व आंबटपणा निघून जातो. तंतु आणि पेक्टिन बहुतांशीं मागें राहतात. पेक्टिन म्हणजे जेलीस घट्टपणा आणणारा पदार्थ. वाळलेल्या संत्र्या-मोसंबीच्या सालींत तो शेंकडा २० ते ३० असतो. मनुष्याच्या पाचकरसांनीं तो पचत नाहीं, आणि गुण आहे तो ह्यांतच. लहान आंतड्यांत तो पाण्यानें फुगून चिकट होतो व पित्तांतील आम्लांस अडकवून शौचावाटें बाहेर नेतो. एरव्हीं हीं आम्लें बहुतेक सर्व पुन्हां शोषलीं जाऊन यकृताकडे परततात. तीं परतलीं नाहींत, कीं यकृतास नवीं तयार करावीं लागतात. तीं होतात कोलेस्टेरॉलपासून, आणि त्यासाठीं यकृत तें रक्तांतून ओढून घेतें. पुढें मोठ्या आंतड्यांतील जंतु पेक्टिन आंबवितात. त्यांतून निघणाऱ्या ब्यूटिरिक आम्लावर आंतड्याच्या अस्तराचें पोषण होतें. न विरघळणारे तंतु मळास मऊपणा व भर देतात, हें मलावरोधाच्या रोग्यास निराळें सांगणें नको.

आतां प्रमाणाचा विचार करूं. दिवसास ६ ग्रॅम पेक्टिन पोटांत गेल्यास कोलेस्टेरॉल योग्य मर्यादेंत राहण्यास मदत होते, असें मालाच्या वेष्टनावर छापण्यास युरोपीय संघानें २०१२ सालीं परवानगी दिली. इतकें पेक्टिन सालींतून मिळवावयाचें, तर रोज २० ते ३० ग्रॅम वाळलेली साल खावी लागेल. ती कडू साल इतकी कोण खाणार? चहाच्या चमचाभर, म्हणजे सुमारें ३ ग्रॅम, पुडींत पेक्टिन एक ग्रॅमहि भरत नाहीं. शिवाय सालींत घट्ट बांधलेलें पेक्टिन व कारखान्यांत निराळें काढलेलें पेक्टिन सारखेंच काम करील, असें धरून चालतां येत नाहीं. तेव्हां अशा पुडीवर भिस्त ठेवून डॉक्टरांचें औषध बंद करणें हा आमच्या मतें निव्वळ अविचार होय.

मग साल टाकूनच द्यावी काय? तसेंहि नाहीं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास रोज निदान २५ ग्रॅम तंतु खाण्यास सांगते. डाळी, भाकरी, भाजीपाला ह्यांत सालीची भर पडली, तर ती उपयोगीच. दोडक्याच्या शिरांची चटणी करणाऱ्या आमच्या गृहिणींस हें शिकवावें लागत नाहीं. मोसंबीचा रस गाळून पिण्याऐवजीं फोडी पांढऱ्या पापुद्र्यासह खाव्या. पेरू सालीसकट खावा. लिंबाच्या लोणच्यांतहि साल पोटांत जाते, परंतु त्याबरोबर मीठ फार जातें.

खरी अडचण फवारणीची आहे. औषधाचा अंश सालीवर अधिक राहतो आणि सर्वच औषधें पाण्यानें धुतलीं जात नाहींत. म्हणून फवारणी व काढणी ह्यांमध्यें डब्यावर छापलेले दिवस ज्या बागेंत पाळले नसतील, तेथील साल खाण्यांत घेऊं नये. कार्बाइडनें फळें पिकविण्यास तर कायद्यानेंच बंदी आहे. साली वाळवावयाच्या त्या पातळ चिरून, कडक उन्हांत, लवकर. ढगाळ हवेंत बुरा आल्यास खरवडून न वापरतां फेंकून द्याव्या. पूड घ्यावयाचीच असेल, तर पाव चमच्यापासून सुरुवात करून भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, आणि नित्याचीं औषधें व पूड ह्यांमध्यें दोन तासांचें अंतर ठेवावें.