घरविमा आणि पोथ्यांचा संग्रह

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील घरांत पाणी शिरले. अशा आपत्तीत खासगी पोथीसंग्रहाला घरविम्याचे संरक्षण कितपत मिळते, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारात घेण्याजोगा आहे.

१ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ विमापत्रात, इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्के, परंतु कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरातील सामानाचा अंतर्भाव आपोआप होतो. दागिने, चित्रे, कलावस्तू यांचा विमा मात्र पूर्वनिश्चित मूल्यावर स्वतंत्रपणे उतरवावा लागतो. ‘मौल्यवान’ या शब्दाच्या व्यावहारिक अर्थात जुनी पोथी सहज बसते. विमापत्राच्या परिभाषेत हस्तलिखिते व नाणी वगळलेल्या वस्तूंत मोडतात. स्पष्ट उल्लेख असेल तरच त्यांना संरक्षण लाभते.

यास्तव संग्राहकाने प्रत्येक पोथीचे नाव, लेखनकाल, पत्रसंख्या व तज्ज्ञाने ठरविलेले मूल्य यांची सूची करावी, तिचा निर्देश विमापत्रात करवून घ्यावा आणि तिची एक प्रत घराबाहेर ठेवावी. वाळवी व कसर यांची गणना विमापत्रातील संकटांत होत नाही. शिवाय भरपाई मूल्याची मिळते, पाठाची नव्हे. म्हणून सूचीबरोबर पोथ्यांच्या छायाप्रतीही करून ठेवणे अगत्याचे आहे.