बाळाचा ‘ळ’

इंदुरात आपल्या घरांतून ‘केळं’चं ‘केला’ झालेलं आता सर्रास ऐकू येतं. शाळेतल्या, बाजारातल्या हिंदीत ‘ळ’ नाही. बाळाला तो बहुधा घरातच भेटतो. तान्हं मूल कुठल्याही भाषेतले बारीक ध्वनिभेद ओळखतं, पण वर्षाचं होईतो त्याचा कान रोज ऐकलेल्या भाषांकडे झुकतो. म्हणून ‘बोलायला लागलं की मराठी शिकवू’ असं म्हणत थांबू नये, असं आम्हाला वाटतं. तेल लावताना, न्हाऊ घालताना ‘बाळाचे डोळे कुठे?’ असं विचारा, त्याच्या हुंकाराची वाट पाहा, मग उत्तर द्या. (यात आजीचा हात कोण धरणार!) मोबाईलवरच्या गाण्यांनी हे साधत नाही. दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. ‘केला’ म्हणालं तर दटावू नका, ‘केळं हवं?’ म्हणत हातात द्या.