दिवाणी दावे का लांबतात?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. न्यायालयाविषयी अनादर हा तिचा अर्थ नव्हे. निकालास लागणाऱ्या काळाची धास्ती तीत व्यक्त झाली आहे. वाटपाचा दावा आजोबांनी दाखल करावा आणि त्याची दरखास्त नातवाने चालवावी, असे प्रकार ग्रामीण भागात घडतात. दरम्यान सहहिस्सेदारांच्या संमतीअभावी जमिनीत विहीर खोदणे किंवा बांध घालणेही अवघड होऊन बसते. दाव्याचा विलंब हा म्हणूनच केवळ पक्षकारांचा नव्हे, तर गावाच्या विकासाचाही प्रश्न ठरतो.

दाव्याची वाटचाल

दिवाणी दाव्याची कार्यपद्धती दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये निश्चित केली आहे. वादपत्र, समन्स, प्रतिवादीची कैफियत, मुद्दे काढणे, पुरावा, युक्तिवाद आणि निकाल असा हा क्रम आहे. प्रतिवादी कामधंद्यानिमित्त परगावी गेलेले असतील आणि वादपत्रात जुनेच पत्ते दिलेले असतील, तर समन्स बजावण्यातच कित्येक महिने जातात. दावा चालू असता पक्षकाराचा मृत्यू झाल्यास ९० दिवसांत त्याचे वारस दाव्यात सामील करून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो. ही मुदत टळली, तर मृत पक्षकारापुरता दावा संपुष्टात येतो. तो पुन्हा उभा करण्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी सुनावणी आणि नवी तारीख ओघानेच येते.

निकालाने सर्व काही संपते असेही नाही. वाटपाच्या दाव्यात प्रथम हिस्से ठरविणारा प्राथमिक हुकूमनामा होतो. शासनास महसूल देणाऱ्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप मात्र संहितेच्या कलम ५४ अन्वये जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या अधिपत्याखालील अधिकारी करतात. मोजणी व हरकती यांत तेथेही काळ जातो.

कायद्यातील तरतुदी

या विलंबास आळा घालण्यासाठी संहितेत केलेल्या दुरुस्त्या १ जुलै २००२ पासून अंमलात आल्या. कैफियत ३० दिवसांत, आणि कारणे नोंदवून अधिकात अधिक ९० दिवसांत द्यावी, तसेच सुनावणीत एका पक्षकारास तीनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नयेत, असे त्यांत म्हटले आहे. अपवादात्मक परिस्थितीत या मर्यादा शिथिल करता येतात, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये केला. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात आणि मुदत वाढविल्यास कारणे लेखी नोंदवावीत, असा निर्देश त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये दिला.

तथापि नियमांइतकेच महत्त्व न्यायाधीशांच्या संख्येला आहे. दहा लाख लोकसंख्येमागे केवळ १०.५ न्यायाधीश असल्याचे विधि आयोगाने १९८७ मध्ये दाखवून दिले व हे प्रमाण ५० पर्यंत नेण्याची शिफारस केली. ते उद्दिष्ट अद्याप गाठलेले नाही.

गावपातळीवर काय करता येईल?

मालकीहक्काविषयी वाद नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ अन्वये महसूल अधिकाऱ्यांकडे वाटपासाठी अर्ज करता येतो. दावा दाखल झालेला असला, तरी तो लोकअदालतीत तडजोडीने मिटविता येतो. लोकअदालतीच्या निवाड्यास दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील होत नाही आणि भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. राज्यात १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचा भरही सामोपचारावरच होता. मात्र दुबळ्या हिस्सेदारावर, विशेषतः माहेरच्या मिळकतीत वाटा असलेल्या बहिणींवर, दडपण आणून घडविलेली तडजोड ही तडजोड नव्हे, याचे भान पंचांनी ठेवले पाहिजे.

अनेक तारखा एखाद्या कागदासाठी वाया जातात. ग्रामपंचायतीने मृत्यूची नोंद वेळेवर केली, तलाठ्याने वारसाची नोंद रखडू दिली नाही आणि साक्षीस बोलाविलेले मुख्याध्यापक शाळेचे जनरल रजिस्टर घेऊन नेमल्या दिवशी हजर राहिले, तर त्या तारखेचे काम त्याच तारखेस होऊ शकते. न्यायदान न्यायालयाने करावयाचे असले, तरी त्यासाठी लागणारा पुरावा बहुधा गावाच्याच दप्तरात असतो. ते दप्तर चोख ठेवणे हे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या हाती आहे.