मनगटी घड्याळाचें फर्मवेअर : पुढें जावें कीं मागें यावें?

पूर्वीं घड्याळ बिघडलें म्हणजे तें घड्याळजीकडे जात असे. तो डोळ्यास भिंग लावून झांकण उघडी, चक्रें पाही, तेलाचा थेंब सोडी आणि चार दिवसांनीं घड्याळ परत देई. झांकण केव्हां उघडावयाचें हें मालकाच्या इच्छेवर असे, घड्याळ चांगलें चालत असतां "याचीं चक्रें बदलूं का?" असें विचारीत कोणी दारीं येत नसे. आजच्या स्मार्टवॉचची गोष्ट निराळी आहे. तें मनगटावर सुरळीत चालू असतांनाच एके रात्रीं त्याच्या कांचेवर अक्षरें उमटतात : नवी आवृत्ति तयार आहे, आतां बसवावयाची, कीं नंतर? उत्तर देण्यास एक बोट पुरतें. पण त्या एका बोटानें घड्याळाचा आंतील सर्व कारभार पालटतो. पालटलेला कारभार मानवला नाहीं तर जुना परत आणतां येईलच, असा भरंवसा मात्र नसतो. तेव्हां बोट लावण्यापूर्वीं कोणता विचार करावा, हें समजून घेणें घड्याळ बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचें आहे.

प्रथम पालटतें तें काय, हें पाहिलें पाहिजे. यंत्राचे जे भाग हातानें चांचपतां येतात, म्हणजे चिप, बॅटरी, कांच इत्यादि, त्यांस हार्डवेअर म्हणतात. त्या भागांनीं काय करावें हें सांगणाऱ्या आज्ञांस सॉफ्टवेअर म्हणतात. ह्या आज्ञांपैकीं ज्या यंत्राच्या स्मृतींत पक्क्या ठेवलेल्या असतात, यंत्रास जागें करतात व त्याचे अवयव चालवितात, त्यांचें नांव फर्मवेअर. हा शब्द १९६७ सालीं अ‍ॅशर ऑप्लर ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें 'डेटामेशन' मासिकांतील आपल्या लेखांत वापरला. त्या वेळीं त्याचा अर्थ बराच मर्यादित होता. पुढें तो विस्तारत गेला, आणि आज घड्याळांत एकत्र बसविलेल्या सर्वच मूळ आज्ञावलीस व्यवहारांत फर्मवेअर म्हणण्याची चाल पडली आहे.

ह्या आज्ञावलीचें महत्त्व एका उदाहरणानें ध्यानांत येईल. स्मार्टवॉचच्या पाठीशीं हिरवे दिवे असतात. त्यांचा प्रकाश कातडीवर पडतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतें. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटांतील रक्त कमीअधिक होतें, आणि त्याप्रमाणें परत येणारा प्रकाशहि कमीअधिक होतो. दिव्यांचें व प्रकाश टिपणाऱ्या डोळ्याचें काम येथें संपतें. त्या प्रकाशाच्या चढउतारांत नाडी कोणती आणि हात हालल्यामुळें झालेला गोंधळ कोणता, हें निवडून मिनिटास ७२ ठोके असा आंकडा कांचेवर दाखविणें हें आज्ञावलीचें काम होय. म्हणून आज्ञावली बदलली कीं तोच हात, तेंच घड्याळ आणि तेच दिवे असूनहि आंकडा निराळा येऊं शकतो. नवी आवृत्ति बसविल्यावर पावलांची संख्या वाढली किंवा झोपेचे तास घटले, तर माणसाच्या संवयी बदलल्या असें लगेच समजूं नये. मोजणाराच बदललेला असण्याचा संभव असतो.

आज्ञावलीची सत्ता किती चालते, हें अमेरिकेंत घडलेल्या एका प्रकरणावरून दिसतें. रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण मोजण्याच्या साधनावरून अ‍ॅपल आणि मासिमो ह्या कंपन्यांत पेटंटचा वाद झाला. त्यामुळें जानेवारी २०२४ पासून अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या अ‍ॅपलच्या नव्या घड्याळांतून ही सोय बंद करण्यांत आली. घड्याळाच्या पाठीवरचे दिवे जागच्या जागीं होते. त्यांस आज्ञा मात्र मिळेना. पुढें ऑगस्ट २०२५ मध्यें नवी आवृत्ति निघाली, हिशेबाचें काम घड्याळाकडून काढून जोडीच्या फोनकडे सोंपविण्यांत आलें, आणि तीच सोय निराळ्या रीतीनें पुन्हां सुरू झाली. यंत्राचें अंग कोणीहि उघडलें नव्हतें.

नवी आवृत्ति येते ती सामान्यतः तीन कारणांपैकीं एखाद्यासाठीं. पहिलें कारण सुरक्षिततेचें. आज्ञावलींत एखादें भोंक राहून गेलेलें असतें व त्यांतून परका माणूस आंत डोकावूं शकतो. तें बुजविणें अवश्य असतें. जुलै २०१९ मध्यें अ‍ॅपलच्या घड्याळांतील वॉकीटॉकीच्या सोयींत असा दोष आढळला, कीं विशिष्ट परिस्थितींत एकाला दुसऱ्याच्या आयफोनमधून त्याच्या संमतीवांचून बोलणें ऐकतां येईल. कंपनीनें ती सोय तात्पुरती बंद केली, आणि त्याच महिन्यांत वॉचओएस ५.३ ही दुरुस्त आवृत्ति काढून ती पुन्हां चालू केली. दुसरें कारण साधा दोष काढण्याचें : बॅटरी लवकर उतरते, फोनशीं जोडणी तुटते, गजर वेळेवर वाजत नाहीं, असल्या तक्रारींवरचा तो उपाय असतो. तिसरें कारण नावीन्याचें : नव्या तबकड्या, नवे रंग, नव्या सोयी.

हीं तीन कारणें एकाच मापानें तोलूं नयेत. पहिल्या कारणासाठीं आलेली आवृत्ति फार दिवस ताटकळत ठेवणें म्हणजे कुलूप मोडलें आहे हें ठाऊक असूनहि दार तसेंच ठेवणें होय. दुसऱ्या कारणाच्या आवृत्तीविषयीं, तो दोष आपल्या घड्याळांत आहे काय, हें प्रथम पाहावें. तिसऱ्या कारणासाठीं आलेल्या आवृत्तीची घाई कोणासच नसते. एकाच आवृत्तींत तिन्ही कारणें मिसळलेलीं असतात ही अडचण खरी. परंतु आवृत्तीबरोबर दिलेलें टिपण वाचल्यास मुख्य कारण कोणतें तें बहुधा कळतें.

आतां घाईची दुसरी बाजू. ३० ऑक्टोबर २०१८ रोजीं अ‍ॅपलनें घड्याळांसाठीं वॉचओएस ५.१ ही आवृत्ति काढली. ती बसविल्यावर कांहीं घड्याळें सफरचंदाच्या चिन्हावरच थिजलीं व पुढें चालेनात. कंपनीनें आवृत्ति मागें घेतली आणि ५ नोव्हेंबर रोजीं ५.१.१ ही सुधारलेली आवृत्ति काढली. ज्यांनीं पहिल्याच दिवशीं बोट लावलें त्यांच्यापैकीं कांहींच्या वांट्यास निर्जीव कांच आली. ज्यांनीं आठवडाभर दम धरला त्यांस विशेष कांहीं सोसावें लागलें नाहीं. ह्यांत कोणाची हुशारी किंवा मूर्खपणा नव्हता. हजारों मनगटांवर निरनिराळ्या स्थितींत असलेल्या घड्याळांची परीक्षा कारखान्यांतील टेबलावर पुरती होत नाहीं. तिचा कांहीं भाग बाहेरच्या जगांतच पार पडतो, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें.

अशा वेळीं मनांत सहज येतें, कीं नवी आवृत्ति नको असेल तर जुनी परत बसवावी. येथेंच मोठा अडसर आहे. बहुतेक मोठे कारखानदार प्रत्येक आवृत्तीवर आपली गुप्त सही उमटवितात. ही सही शाईची नसून गणिताची असते, आणि ती ओळखल्यावांचून घड्याळ कोणतीहि आज्ञावली आंत घेत नाहीं. जुन्या आवृत्तीस सहीची मान्यता देणें कारखानदारानें थांबविलें, कीं ती आवृत्ति हातीं असूनहि निरुपयोगी होते. अ‍ॅपलच्या घड्याळांत तर सामान्य ग्राहकास जुन्या आवृत्तीकडे परतण्याचा मार्गच ठेवलेला नाहीं. पुढच्या आवृत्तीची वाट पाहणें हाच उपाय. ह्या निर्बंधास कारण आहे. जुनी आवृत्ति म्हणजे जुनें भोंक. परतीचा रस्ता सर्वांस मोकळा ठेवला, तर चोरासहि तो मोकळा राहतो. तो घड्याळास जुन्या आवृत्तीवर ढकलून बुजविलेल्या भोंकांतून पुन्हां आंत शिरेल. कारखानदाराचा हा युक्तिवाद खोटा नाहीं. मात्र त्याचा भार ग्राहकावर पडतो, कारण चुकलेलें पाऊल मागें घेण्याचा अधिकार त्याच्या हातून जातो.

परतीचा रस्ता ठेवणें अशक्य आहे असें मात्र नव्हे. पाइन६४ ह्या संस्थेनें २०१९ सालीं जाहीर केलेलें 'पाइनटाइम' हें स्वस्त घड्याळ ह्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. त्याच्यासाठीं 'इन्फिनीटाइम' नांवाची आज्ञावली स्वयंसेवकांनीं खुली लिहिली आहे. घड्याळाच्या चिपमध्यें आज्ञावलीसाठीं ५१२ किलोबाइटची जागा आहे; शिवाय बाहेर ४ मेगाबाइटची निराळी स्मृति जोडलेली आहे. नवी आवृत्ति फोनवरून ब्लूटूथनें येते ती प्रथम ह्या बाहेरच्या कोठारांत उतरते. मग घड्याळ पुन्हां सुरू होतें, आणि त्यांतील एक लहानसा द्वारपाल, ज्यास बूटलोडर म्हणतात, दोहोंची अदलाबदल करतो : नवी आवृत्ति आंत येते व जुनी बाहेरच्या कोठारांत जाऊन बसते.

ह्यापुढची योजना अधिक मार्मिक आहे. आंत आलेली नवी आवृत्ति ही पाहुणी समजली जाते. ती नीट चालते आहे असें पाहून मालकानें घड्याळाच्या मांडणींत जाऊन तिला मान्यता द्यावी लागते. ती मान्यता मिळण्यापूर्वींच घड्याळ अडकलें किंवा बंद होऊन पुन्हां सुरू झालें, तर द्वारपाल नवीला बाहेर काढून जुनीला तिच्या जागीं बसवितो. मान्यता दिल्यावरहि पश्चात्ताप झाला तर सोय आहे. घड्याळ सुरू होतांना बाजूची कळ दाबून धरली, कीं कांचेवरील चित्र निळें होतें. त्या वेळीं कळ सोडल्यास मागील आवृत्ति परत येते. चित्र तांबडें होईपर्यंत धरून ठेवल्यास संकटकाळासाठीं राखलेली निराळी लहान आज्ञावली चालू होते. मर्यादा एवढीच, कीं कोठारांत मागची एकच आवृत्ति मावते. आणखी एक नवी आवृत्ति उतरविली कीं ती जुनीच्या जागेवर बसते. म्हणून अशा घड्याळांतहि परतीची पायरी एकच असते. पहिल्या आवृत्तीची परीक्षा पुरती झाल्यावांचून दुसरी घेणाऱ्यानें ती पायरी स्वतःच्या हातानें काढून टाकली असें होतें.

परत फिरणें हा प्रत्येक बिघाडावरचा उपाय नव्हे, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे. २८ जानेवारी २०२५ च्या सुमारास गार्मिन कंपनीचीं पुष्कळ घड्याळें निळ्या त्रिकोणावर अडकून पडलीं. धांवण्याचा किंवा सायकलचा व्यायाम सुरू करून उपग्रहांकडून ठिकाण विचारलें, कीं घड्याळ अडके. कित्येकांनीं नव्या आवृत्तीस दोष दिला. पण दोष उपग्रहांच्या स्थितीची माहिती देणाऱ्या व घड्याळाकडे परस्पर येणाऱ्या एका फाइलींत असल्याचें दिसून आलें. घड्याळ बंद करून पुन्हां चालू करणें व फोनशीं जुळवून ताजी माहिती घेणें, हाच इलाज सांगण्यांत आला. ज्याचा अपराध नाहीं अशा आवृत्तीस हद्दपार करून तेथें कांहीं साधलें नसतें. रोग कोठें आहे हें पाहिल्याशिवाय औषध पाजूं नये, हा वैद्यांचा नियम यंत्रांसहि लागू आहे.

ह्या सर्वांवरून व्यवहारासाठीं एक क्रम ठरवितां येतो. नवी आवृत्ति दिसली कीं प्रथम तिचें टिपण वाचावें. सुरक्षिततेची दुरुस्ती असेल तर ती लवकर घ्यावी. केवळ नव्या सोयी असतील तर आठदहा दिवस थांबून इतरांचा अनुभव ऐकावा. त्या घड्याळांत मागें येण्याची सोय आहे कीं नाहीं, हें बोट लावण्यापूर्वींच पाहावें. नसेल तर थांबण्याचें महत्त्व दुप्पट समजावें. बसवावयाचें ठरल्यावर साठलेली माहिती फोनशीं जुळवून घ्यावी आणि बॅटरी भरून घ्यावी; अ‍ॅपलच्या घड्याळास निदान ५० टक्के बॅटरी असावी लागते, व तें चार्जरवर असावें लागतें. बसविणें चालू असतां घड्याळ हालवूं नये. प्रवासाच्या, शर्यतीच्या किंवा इस्पितळांत जाण्याच्या आदल्या रात्रीं हें काम काढूं नये.

बसविल्यानंतर कांहीं बिघडलें असें वाटल्यास प्रथम घड्याळ बंद करून पुन्हां चालू करावें. नव्या आवृत्तीनंतर आरंभीं एकदोन दिवस आंतील आवराआवर चालू असल्यामुळें बॅटरी अधिक खर्च होऊं शकते. तेवढ्यावरून निकाल देऊं नये. तरीहि दोष राहिला तर फोनशीं असलेली जोडणी सोडून ती पुन्हां करावी. एवढ्यानेंहि भागलें नाहीं, आणि कारखानदारानें परतीचा मार्ग स्वतः खुला ठेविला असेल, तरच मागें यावें. भलत्या ठिकाणाहून मिळालेली जुनी आवृत्ति घालूं नये. सही नसलेली आज्ञावली घेऊन मनगटाचें घड्याळ कायमचें मुकें होण्याची भीति असते. मागें येतांना मधल्या काळांत जमलेली नोंद नव्या पद्धतीनें लिहिलेली असल्यास जुन्या आवृत्तीस ती वाचतां न येण्याचा संभव असतो, म्हणून तिची प्रत आधींच फोनवर ठेवावी.

एका वर्गानें मात्र अधिक सावध असलें पाहिजे. घरांत एकटी राहणारी वृद्ध माणसें किंवा हृदयविकाराची धास्ती असणारी माणसें, पडल्यास मुलांना निरोप जावा, नाडी अनियमित झाल्यास सूचना मिळावी, ह्या भरंवशावर आज घड्याळ बांधतात. त्यांच्या बाबतींत आवृत्ति बदलल्यावर त्या सूचना चालू आहेत ना, निरोप ज्याला जावयाचा त्याचें नांव व क्रमांक जागेवर आहेत ना, हें घरांतील जाणत्या माणसानें त्याच दिवशीं स्वतः पाहावें. घड्याळाचा आंकडा आणि शरीराची तक्रार ह्यांत विरोध आला, तर आंकड्यावर न विसंबतां डॉक्टरांकडे जावें.

जुन्या घड्याळजीच्या दुकानांत जाणारा मनुष्य झांकण उघडण्यापूर्वीं एक प्रश्न हटकून विचारी : "हें पुन्हां होतें तसें चालेल ना?" आज दुकान मनगटावर आलें आहे आणि घड्याळजी दृष्टीस पडत नाहीं. प्रश्न मात्र तोच आहे, आणि तो विचारण्याची वेळहि तीच आहे : झांकण उघडण्यापूर्वींची.