बसवनगुडीच्या परिसरातील शिवाजीराव

बंगळूरच्या बसवनगुडी भागात रामकृष्ण मठ आहे. जवळच्या हनुमंतनगरातील शिवाजीराव गायकवाड या खोडकर मुलाला थोरल्या भावाने शिस्त लागावी म्हणून या मठात पाठविले. तेथे महाभारतातील एका नाट्यप्रवेशात त्याने एकलव्याच्या मित्राची भूमिका केली आणि अभिनयाची गोडी त्यास लागली. हाच मुलगा पुढे रजनीकांत या नावाने विख्यात झाला.

त्याचा जन्म १२ डिसेंबर १९५० चा. वडील पोलीस शिपाई. घरची भाषा मराठी, गावची कन्नड. आई लवकर निवर्तली. मिळेल ती कामे करीत तो बसकंडक्टर झाला. त्याच्यातील नट प्रथम ओळखला तो त्याच बसच्या ड्रायव्हरने. या मित्राच्या आग्रहामुळे व मदतीमुळे तो १९७३ मध्ये मद्रासच्या चित्रपटसंस्थेत दाखल झाला. तेथे दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्यास हेरले आणि तमिळ शिकण्याचा सल्ला दिला. १९७५ च्या ‘अपूर्व रागंगळ’मध्ये त्याने पडद्यावर पदार्पण केले.

प्रारंभी वाट्यास आले ते बहुधा खलनायक. १९७८ च्या ‘भैरवी’ने नायकपद दिले. नट म्हणून लौकिक मिळाल्यावर त्याने १९९२ मध्ये ‘मन्नन’साठी गीत गायिले, तर १९९३ मध्ये ‘वळ्ळी’ची पटकथा लिहिली.

मातृभाषा मराठी, शिक्षण कन्नडात आणि कीर्ती तमिळमध्ये! परभाषा मनापासून आत्मसात केली म्हणजे तिचे लोकही आपलेसे होतात, हेच या चरित्राचे मर्म होय. २०२१ मध्ये फाळके पुरस्कार स्वीकारताना त्याने गुरू व बंधू यांच्याबरोबरच त्या ड्रायव्हर मित्राचेही कृतज्ञतेने स्मरण केले.